ग्वाल्हेरचे कृष्णराव
(माहितीपटाचे निवेदन)

(दृश्य : किल्ल्यावरून दिसणारा शहराचा लष्कर भाग)

वर किल्ला, खाली लष्कर. दौलतराव शिंद्यांचा तळ इथं पडला आणि त्याचंच शहर झालं. शिंद्यांच्या मागोमाग दक्षिणेतून मराठी घरं आली. त्यातलंच एक गवई कृष्णराव पंडितांचं. त्यांचे आजोबा विष्णु पंडित कीर्तनकार, हरिदास. त्यांचा स्नेह जडला दरबारातले गवई हद्दू खाँ, हस्सू खाँ, नत्थू खाँ या भावांशी. ग्वाल्हेरचा ख्याल, रागसंगीतातला हा मुख्य गानप्रकार, या मराठी घरात आला तो या दोस्तीतून.

(दृश्य : छायाचित्र, पगडीतले कृष्णराव)

कृष्णराव शंकर पंडित. जन्म २६ जुलै १८९३. वडील शंकरराव याच खाँसाहेबांकडे शिकलेले, पुढे निसार हुसेन खाँ यांच्याकडे. आणि हे निसार हुसेन खाँ राहायला होते पंडितांच्याच घरी! ब्राह्मणाच्या घरात उस्ताद, आणि दोघांच्या तालमीत वाढणारा मुलगा. आज हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

(दृश्य : वर्ग, तानपुरे जुळवणारी मुलं)

त्या काळी घराण्याची विद्या घरातच राही. मुलाला मिळे, नाहीतर गंडा बांधून रीतसर शिष्य केलेल्या शागिर्दाला, तीही वर्षानुवर्षं सेवा केल्यावर. चीज, म्हणजे बंदिश, पूर्ण सांगायची नाही, तिचा दुसरा भाग, अंतरा, राखून ठेवायचा, असे उस्तादही होते. कृष्णरावांनी १९१४ साली, ऐन विशीत, ग्वाल्हेरमध्ये संगीताची शाळाच काढली. वडील गेल्यावर तिला त्यांचं नाव दिलं : शंकर गांधर्व महाविद्यालय. वेळापत्रक, इयत्ता, फळ्यावर सरगम. ज्या गाण्यासाठी आधी कुणाच्या तरी घराची पायरी झिजवावी लागे, ते शिकायला आता कुणाचाही मुलगा येऊन बसू लागला.

(दृश्य : स्वरलिपीची पानं)

शिकवायचं तर पुस्तकं हवीत, म्हणून तीही स्वतःच लिहिली. नुसत्या गायनावर नव्हे. तबला, सतार, हार्मोनियम, जलतरंग यांच्यावरही. गवयाच्या घरातली विद्या त्यांनी कागदावर आणली. माझ्या मते पंडितजींचं सगळ्यात मोठं काम हेच, मैफलींहूनही मोठं.

(दृश्य : ध्वनिमुद्रण, बंदिशीची सुरुवात)

आता गाणं. ग्वाल्हेरच्या रीतीनं आधी स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, आणि अंतरा, दोन्ही पूर्ण म्हटले जातात. राग आणि बंदिश श्रोत्यापुढे स्वच्छ मांडायची, मग विस्तार. आवाज खुला, ‘आ’कार मोकळा. ‘आ’कारात डोलत जाणारे बेहलावे, बंदिशीचे शब्द घेऊन केलेल्या बोल-ताना, स्वरावरून स्वरावर घसरणारी मींड, स्वर जोरानं हलवणारी गमक, लयीशी खेळणारी लयकारी आणि सप्तकं ओलांडत सरळ जाणारी सपाट तान. कुठल्या एकाच अंगावर गाणं तोलायचं नाही, सगळी अंगं यायला हवीत. कृष्णरावांचा ख्यालाइतकाच हात टप्पा या गानप्रकारावर. पंजाबी बोल, तुटक, चपळ, वळणावळणाच्या ताना. गळा तयार नसेल तर टप्पा दोन ओळींत उघडा पाडतो. तराणा, चतरंग, अष्टपदी हे गानप्रकारही याच बैठकीतले.

(दृश्य : पदकं, मानपत्रं)

१९५९ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७३ ला पद्मभूषण, १९८० ला तानसेन सन्मान. २२ ऑगस्ट १९८९ ला ते गेले, शहाण्णव वर्षांचे होऊन. पुत्र लक्ष्मण कृष्णराव पंडित आणि नात मीता पंडित यांनी ही गायकी पुढे नेली.

(दृश्य : पडद्यावर बंदिशीचे बोल, ध्वनिमुद्रण पुन्हा सुरू)

हा त्यांचा टप्पा आता पूर्ण ऐका. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते ती हातावर मोजत ऐका, आणि घरातल्या मुलांनाही मोजायला लावा.