घरातले अण्णा: धोंडो केशव कर्वे यांची १०४ वर्षे

अध्यक्षमहाराज आणि श्रोतेहो,

महर्षी कर्वे यांच्यावर बोलायला उभा राहणारा माणूस बहुधा हिंगण्याच्या आश्रमापासून सुरुवात करतो आणि महिला विद्यापीठापाशी येऊन थांबतो. आज मला त्यांच्याकडे घरातून पाहायचे आहे. ज्यांना घरचे आणि संस्थेतले लोक ‘अण्णा’ म्हणत, त्या कुटुंबप्रमुखाविषयी मी बोलणार आहे. कंपनी सरकारचा कारभार संपून राणीचा अंमल सुरू झाला त्या वर्षी, १८ एप्रिल १८५८ रोजी, अण्णा जन्मले आणि चीनच्या युद्धाच्या दिवसांत, ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, पुण्यात वारले. एवढ्या दीर्घ आयुष्याचा सत्कार करणे सोपे असते. त्या आयुष्याची किंमत घरात कोणी आणि कशी मोजली, हे सांगणे मात्र थोडे अवघड जाते.

मुरूडचा हा मुलगा सहावीच्या परीक्षेसाठी कुंभार्ली घाटातून पायी साताऱ्याला गेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले गेले नाही. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत, म्हणून ती लांबवत नाही. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले. १८९१ साली पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या आणि त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. तेव्हा थोरला मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता.

११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी लग्न केले. त्या त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या भगिनी, बालविधवा आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, पण त्यांना सगळे ओळखू लागले ते ‘बाया’ म्हणून. मुरूडकरांनी बहिष्कार घातला आणि अण्णांना घरात घेतल्यास त्यांच्या भावालाही वाळीत टाकू, असे बजावले. हा बहिष्कार अण्णांनी वादावादी न करता सोसला, आणि त्यांच्या स्वभावाची किल्ली मला इथे सापडते. भांडायचे नाही, रागवायचे नाही, पण ठरवलेले सोडायचेही नाही. बाहेरच्या जगाशी वागताना हा गुण फार उपयोगी पडतो; घरात मात्र त्याच गुणापुढे बायकोचे काही चालत नाही.

१८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम निघाला आणि १९०० साली तो हिंगण्याला गेला. रावबहादूर गोखल्यांनी दिलेल्या जागेवर झोपडी उभी राहिली. दिवसभर कॉलेजात शिकवून झाले की अण्णा तिकडे पायी जात. रस्ता असा नव्हताच, पावसाळ्यात चिखल आणि एरवी काटे. त्या काळात पुण्यातला संसार बाया एकट्या ओढत होत्या. नवऱ्याची शिल्लक आश्रमात गेली, पुढे विम्याची पॉलिसीही संस्थेच्या नावे झाली. बायांनी सुईणीचे शिक्षण घेतले ते हौसेखातर नव्हे, मुलांचे पुढे कसे होणार या काळजीने, असे मला वाटते. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, आश्रमात आल्या, तिथल्या कर्त्या झाल्या आणि वर्गणी जमवायला अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. अण्णांची संस्था ही अशी अर्धी त्यांच्या सासुरवाडीने उभी केली होती, हे आपल्या जयंतीच्या भाषणांत क्वचितच येते.

१९१४ साली ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि ५८व्या वर्षी, जपानमधल्या महिला विद्यापीठाचे माहितीपत्रक वाचून मनात घोळत असलेले स्वप्न घेऊन, त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले. सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी देऊन आपल्या मातोश्रींचे नाव त्याला दिले, तो सारा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. मला त्यापेक्षा मुलांबद्दल बोलायचे आहे, कारण चारही मुलगे चार वाटांनी गेले. शंकर डॉक्टर होऊन मोम्बासाला स्थायिक झाले. भास्कर हिंगण्याच्या कामात राहिले. दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. रघुनाथ संततिनियमनाचा पुरस्कार करू लागले, त्यापायी त्यांची प्राध्यापकी गेली, आणि १९२७ पासून अखेरपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. विधवेशी लग्न करून गावाचा रोष पत्करणाऱ्या बापाने मुलाच्या या कामाचा झेंडा खांद्यावर घेतला नाही. आपल्या संस्थांवर त्याची सावली पडू नये, ही काळजी त्यामागे असावी.

दिनकररावांनी पत्नी इरावतीबाईंना उच्च शिक्षणासाठी जर्मनीला पाठवायचे ठरवले, तेव्हाही तो बेत अण्णांना पसंत नव्हता. महिला विद्यापीठाचा संस्थापक आणि सुनेच्या शिक्षणाला नाराजी! आपल्याला हसू येईल, पण पुढचे पाहा: त्या गेल्या, बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या आणि मानवशास्त्रात मोठ्या झाल्या. मुलाने वडिलांचे न ऐकता आपला निर्णय घेतला आणि त्यावरून घर मोडले नाही. हे या घरातच होऊ शकले, याचे थोडे श्रेय मी अण्णांनाच देतो. ज्याने स्वतः गावाचे ऐकले नाही, त्याच्या मुलांना बापाचे न ऐकणे जमले. त्यातही अण्णा एकाच जागी रुतून बसले नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोप, अमेरिका, जपान असा प्रवास करून आले, मग आफ्रिकेत फिरले आणि ८६व्या वर्षी, १९४४ साली, त्यांनी समता संघ काढला.

बाया १९५० मध्ये गेल्या, रघुनाथ १९५३ मध्ये. पद्मविभूषण १९५५ साली आले आणि भारतरत्न १९५८ साली, शंभरी भरली तेव्हा. हयात असताना टपाल तिकिटावर चेहरा आला, असा मान देशात त्यांच्याआधी कोणा भारतीयाला मिळाला नव्हता. ज्या बाईने उभा जन्म पदरमोड करून हे जुळवले, ती मात्र त्या वर्षी पाहायला नव्हती. म्हणून तरुण श्रोत्यांना माझी विनंती आहे की अण्णांचे १९१५ साली निघालेले ‘आत्मवृत्त’ वाचाल तेव्हा शेजारी बायांचे ‘माझे पुराण’ही ठेवा. ते आधी वाचलेत तर अधिक बरे.