हे पित्त नव्हे

(दृश्य: मालवणजवळची वाडी. खळ्यात वाळत घातलेली आमसुलं.)

अंगावर पित्त उठलं की कोकणात आमसूल भिजत पडतं. कोळून ते पाणी चोळायचं. पित्ताच्या गांधी तशाही दिवसभरात मावळतात, त्यामुळे श्रेय आमसुलाला जातं. इथंच फसगत होते: औषधाची जीवघेणी रिअ‍ॅक्शनही पित्तच समजली जाते.

समजा, आकडीसाठी कार्बामाझेपिन हे औषध सुरू होऊन दोन-तीन आठवडे झालेत. आधी ताप, घसादुखी, डोळ्यांची चुरचुर. पावसाळा असेल तर लेप्टोचीच (लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापाची) शंका येते. मग छातीवर डाग. गांधी खाजतात, जागा बदलतात. हे डाग दुखतात, जागचे हलत नाहीत, मध्ये काळपट होतात. तोंड आतून सोलतं. डागाच्या कडेला बोट दाबून सरकवलं तर वरचा पापुद्रा सुटून येतो. हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे औषधाची गंभीर रिअ‍ॅक्शन. रुग्णाचा बोटांसकट तळहात म्हणजे साधारण 1 टक्का त्वचा. 30 तळहातांहून जास्त सोललं तर त्याला टेन (टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस) म्हणतात, आणि ते जिवावर बेततं.

(दृश्य: जांभळ्या टोपणाची नळी.)

2004 मध्ये तैवानच्या संशोधकांनी कार्बामाझेपिनमुळे असं झालेले 44 रुग्ण तपासले. एचएलए-बी 15:02 हा जनुकप्रकार सगळ्यांत होता. या जनुकाचं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असतं. औषध त्याला चिकटलं की टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींना, स्वतःचीच त्वचा परकी वाटते. हा जनुकप्रकार असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून पॉझिटिव्ह असेल तर हे औषध टाळतात.

या जनुकाच्या चाचणीला ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत 2-3 मिली रक्त पुरतं, उपाशीपोटी जायला नको. जनुक बदलत नाही, म्हणून चाचणी आयुष्यात एकदाच. मात्र पहिल्या गोळीच्या आधी. एका पालकाकडून आलेली एक प्रतही धोक्याला पुरते, तेव्हा पॉझिटिव्ह रुग्णाच्या भावंडांनाही चाचणीचं सांगावं. निगेटिव्ह म्हणजे अभय नव्हे. हेच घडवू शकणारी इतर जनुकं आहेत, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन ही आकडीची इतर औषधंही आहेत.

युरिक अ‍ॅसिडच्या अ‍ॅलोप्युरिनॉलसाठी पाहायचा प्रकार बी 58:01. कुष्ठरोगाच्या एमडीटीतल्या (अनेक औषधांच्या एकत्र उपचारातल्या) डॅप्सोनसाठी बी 13:01. तिथं ताप आणि पुरळ बहुधा चौथ्या ते सहाव्या आठवड्यात येतं.

डाग दिसले की पुढची गोळी घ्यायची नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. आकडीचं दुसरं औषध तिथेच ठरतं. गोळ्यांची पट्टी बरोबर न्यावी. बरं झाल्यावर केसपेपरवर ब्रँडचं नव्हे, मूळ औषधाचं नाव लिहून घ्यावं. तेच कार्बामाझेपिन दुसऱ्या दुकानात दुसऱ्या नावानं मिळतं.