ब्लॅकपूलची न्याहारी

[सकाळ. ओहोटी. दूरवर नॉर्थ पिअर, समुद्रात आत गेलेला धक्का.]

पावणेआठ वाजलेत. समुद्र पार मागे गेलाय. ओल्या वाळूवर कुत्री फिरवणारे चार-दोन लोक, कठड्यावर सीगल, आणि पाठीमागे ब्लॅकपूल टॉवर. १८९४ सालचा, १५८ मीटर उंच.

मी मँचेस्टरला राहते. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या या ब्लॅकपूलला आतापर्यंत मुलांना घेऊन आले, पाळण्यांसाठी. या वेळी एकटी आलेय, फक्त खायला. दोन दिवस, तीन कॅफे, आणि तिन्ही ठिकाणी एकच मागणी: फुल इंग्लिश ब्रेकफास्ट.

[कॅफेचं दार. काचांवर आतून धरलेली वाफ.]

पहिला कॅफे समुद्राला पाठ करून असलेल्या गल्लीत. दार ढकललं की बेकनचा खारा वास अंगावर येतो. काउंटरमागे टेबलाएवढा काळा, सपाट तवा. आधी चहा येतो, मगभर, विटेच्या रंगाचा. त्याला इथे ‘बिल्डर्स टी’ म्हणतात. गवंड्याला चालेल असा कडक.

आणि मग ताट.

जरा जवळून बघा. बेकनचे दोन तुकडे. आपल्याकडच्या मोठ्या हॉटेलात मिळतं ते लांब, कुरकुरीत पट्टीचं बेकन हे नव्हे. हे डुकराच्या पाठीचं, मिठात मुरवलेलं. एका बाजूला मांसाचा गोल आणि कडेने चरबीची किनार. ती किनार लालसर होईपर्यंत थांबण्यातच स्वयंपाक्याची परीक्षा. अंडं त्याच चरबीत सोडलेलं. कड आंबोळीसारखी जाळीदार झालीय, बलक मात्र अजून हलतोय. सॉसेज, अर्धा भाजलेला टोमॅटो, मशरूम. पावाचा एक तिकोनी तुकडा, तोही चरबीतच तळलेला. दाताखाली कुर्रकन मोडतो. तो बलकात बुडवून खायचा, मध्ये काही बोलायचं नाही.

बीन्स म्हणजे घेवड्याच्या जातीचे पांढरे दाणे, टोमॅटोच्या गोडसर रसात. हाइन्झ या अमेरिकन कंपनीच्या बीन्सचे डबे सुरुवातीला लंडनमध्ये फोर्टनम अँड मेसन या उंची दुकानात विकायला आले. श्रीमंतांची चैन होती ती. पुढे इतकी खपली, की १९५९ पासून विगनजवळ किट ग्रीनला त्यांचा प्रचंड कारखाना चालू आहे.

आणि हा काळा गोल. ब्लॅक पुडिंग. डुकराचं रक्त, चरबी, कांदा, ओट आणि बार्ली. बरी नावाचं गाव यासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या बाजारात उकडलेलं, गरमागरम मिळतं. कधी मराठी मित्र बरोबर असले, तर या गोलापाशी ते हमखास ताट सरकवतात. मला कळत नाही का. कोल्हापुरात माझी आत्या बोकडाची रक्ती करायची, कांदा-लसणावर परतून, आणि आम्ही भावंडं त्यासाठी भांडायचो. ब्लॅक पुडिंगचा पहिला घास घेतला तेव्हा जिभेला ओळख पटली होती. मिरी जास्त, तिखट कमी, एवढाच फरक.

[जुन्या गेस्ट हाउसांची रांग. खिडकीत ‘जागा नाही’ची पाटी.]

हे ताट समुद्रकाठी इतकं का रुजलं, ते या घरांकडे बघून कळतं.

१८४६ साली ब्लॅकपूलला रेल्वे आली. पाठोपाठ सूतगिरण्यांचे कामगार आले. ओल्डहॅम, बोल्टन, बर्नली, प्रत्येक गावाचा वर्षातला एक आठवडा ठरलेला, ‘वेक्स वीक’. त्या आठवड्यात गावातल्या गिरण्या बंद, आणि निम्मं गाव समुद्रावर. पगार मिळायचा नाही. लोक वर्षभर भिशीसारख्या क्लबात थोडे थोडे पैसे टाकायचे आणि ते इथे येऊन खर्चायचे. भरपगारी सुट्टीचा कायदा १९३८ साली झाला.

सुरुवातीला खोलीच्या भाड्यात जेवण नसायचं. पाहुणे बाजारातून आपापलं सामान आणून मालकिणीकडे द्यायचे आणि ती रांधून वाढायची. एका चुलीवर सात-आठ कुटुंबांची अंडी, आणि प्रत्येकाची वेगळी! पुढे राहणं आणि न्याहारी एकत्र आली. लढाईच्या काळात जानेवारी १९४० मध्ये बेकनवर रेशन लागलं. पाहुणे कपड्यांबरोबर रेशनची पुस्तकंही घेऊन यायचे. मांस आणि बेकन सुटलं ते थेट जुलै १९५४ मध्ये.

मला यातल्या बायका दिसतात. या भागातल्या, म्हणजे लँकशरच्या, मागांवर बायकाच जास्त होत्या. भोंग्याच्या आधी उठायचं, घरचं आवरायचं, उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकून गिरणी गाठायची. वर्षातून एक आठवडा तिनं खुर्चीवर बसायचं आणि दुसऱ्या कोणीतरी तिच्यापुढे भरलेलं, गरम ताट ठेवायचं. समुद्र होताच. पण हे ताटही सुट्टीच होती.

माझे आजोबा लालबागला एका गिरणीत कताई खात्यात होते. यंत्रांवर ओतीव अक्षरात ‘प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम’ असं लिहिलेलं असायचं. मुंबईच्या कितीतरी गिरण्यांत ओल्डहॅमचीच यंत्रं होती. आजोबा वर्षभर खानावळीत जेवायचे आणि गणपतीला कोकणात घरी जायचे. तीच त्यांची वेक्स वीक.

[सॉसची बाटली.]

दुसऱ्या कॅफेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दर्शनी जागा, चकचकीत मेनू. अंडं गार होतं, आणि तळलेल्या पावाऐवजी हॅश ब्राउन, म्हणजे बटाट्याचा गोठवलेला अमेरिकन तुकडा. उरलेला बटाटा आणि कोबी एकत्र परतून केलेलं ‘बबल अँड स्क्वीक’ इथलं होतं. ते हटवून हे कशाला? तिथे टेबलावरची एचपी सॉसची, म्हणजे न्याहारीवर घ्यायच्या आंबटगोड तपकिरी सॉसची बाटली मात्र उलटून वाचली. घटकांमध्ये चिंच आणि खजूर! इंग्लंडच्या संसदेचं चित्र असलेल्या बाटलीत आपली चिंचेची चटणी.

[ट्रॅम. डावीकडे समुद्र.]

तिसऱ्या कॅफेसाठी ट्रॅमने उत्तरेला, फ्लीटवूडला गेले. ब्लॅकपूलची ट्रॅम १८८५ पासून विजेवर धावते. फ्लीटवूड मासेमारीचं बंदर. खोल समुद्रात जाणाऱ्या बोटी आता गेल्या, कॅफे राहिलेत.

सहा टेबलं. शेजारी एक आजी, कोट न काढता बसलेल्या. मी तळलेला पाव काट्याने तोडायची खटपट करत होते. त्यांनी न बोलता स्वतःचा तुकडा हातात उचलून दाखवला. मीही हातानेच खाल्ला. मग बोलणं निघालं. त्यांची आई ओल्डहॅमला रिंग फ्रेमवर होती, म्हणजे आजोबांसारखीच सूत काढायची. त्या आठवड्यात आई बशीसुद्धा उचलायची नाही, आजी म्हणाल्या, आणि आम्हालाही उचलू द्यायची नाही.

ताट संपलं. बलकाचा पिवळा ओघळ मी पावाने पुसून घेतला, आणि सवयीने ताट उचलून काउंटरकडे निघाले.

कॅफेवाल्या बाई लगबगीने आल्या. माझ्या हातातून ताट काढून घेतलं, म्हणाल्या, “बस गं, लव्ह,” आणि न विचारता मगमध्ये आणखी चहा ओतला.