माळ्यावरचा ही-मॅन

नमस्कार, श्रोतेहो.

दसरा-दिवाळी जवळ आली की मुंबईतल्या घरांचे माळे रिकामे होऊ लागतात. ट्रंका, पितळी डबे, जुने पंखे आणि त्यांच्यामागून एखादं पुठ्ठ्याचं खोकं. त्यात निघतो पाय लुळे पडलेला ही-मॅन, म्हणजे प्लास्टिकचा तो दांडगा योद्धा, कमरेत दोन तुकडे झालेला जी. आय. जोचा सैनिक, आणि खेळातल्या किल्ल्याची अर्धी भिंत. घरातलं कोणीतरी ते सगळं उचलून साबणाच्या बादलीत टाकतं. आज मला बोलायचं आहे ते ती बादली भरण्याआधीचं.

ही खेळणी साधी नाहीत. मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीचा ही-मॅन आणि हॅस्ब्रो या दुसऱ्या कंपनीचा पावणेचार इंचांचा जी. आय. जो हे दोन्ही १९८२ साली अमेरिकेत बाजारात आले. आपल्याकडे ही-मॅन आला तो लिओ या खेळण्यांच्या ब्रँडच्या नावाने, आणि जी. आय. जो आणला एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतल्या फनस्कूलने. भारतात बनलेल्या या सैनिकांचे रंग अनेकदा अमेरिकेतल्या मूळ बाहुल्यांपेक्षा वेगळे असत. तिकडचा गणवेश एका रंगाचा, इकडचा भलत्याच. म्हणून आज परदेशातले संग्राहकसुद्धा ते हौसेने शोधतात. तो रंग खरवडला किंवा वरून नवा फासला, की ती खूण कायमची गेली. माझं मत स्पष्ट आहे: धुवा, जोडा, पण रंगवू नका.

धुण्याआधी नखाने हलकेच दाबून बघा. ही-मॅनचं डोकं मऊ असतं, धड कडक. मऊ प्लास्टिकमध्ये ते लवचीक राहावं म्हणून एक तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. वर्षानुवर्षं तेच पाझरून बाहेर येतं आणि बाहुली चिकट लागते. हा नुसता मळ नव्हे, त्यामुळे ब्रशने घासून तो जात नाही. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ जुना टूथब्रश, एवढंच वापरा. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन जवळपासही आणू नका, कडक प्लास्टिक त्याने विरघळतं. स्पिरिटने रंग उतरू शकतो. आणि ही-मॅनचं धड पाण्यात बुडवू नका. कंबर पिळून सोडली की ठोसा मारणाऱ्या त्या बाहुलीच्या पोटात धातूची स्प्रिंग असते. आत शिरलेलं पाणी मुंबईच्या हवेत लवकर सुकत नाही, आणि स्प्रिंग गंजते. ओल्या फडक्याने पुसा, पंख्याखाली नीट वाळू द्या.

आता जी. आय. जो. त्याचे दोन तुकडे झालेले दिसले की लोक फेकून देतात, आणि मला फार वाईट वाटतं, कारण मोडलेलं काहीच नसतं. त्याच्या पाठीवर एक स्क्रू आहे. बरोबर मापाचा स्टार स्क्रूड्रायव्हर घ्या. सैल बसला तर स्क्रूचं डोकंच घासून जाईल. स्क्रू काढला की छाती आणि पाठ वेगळी होते. आत एक काळी रबरी रिंग दिसेल, बहुधा वाळून तुटलेली. पायांना जोडणारा धातूचा आकडा आणि वरचं धड या दोघांना तीच ताणून धरते. तुटलेले तुकडे कागदात गुंडाळून नागदेवी स्ट्रीटवर जा. तिथे रबराच्या वस्तूंची दुकानं आहेत. तुकडा दाखवा, तशीच ओ-रिंग मागा. नवी रिंग अडकवून स्क्रू परत लावताना हाताला अडलं की थांबा, जास्त आवळलात तर प्लास्टिक तडकेल. बंदूकही मुठीत जबरदस्तीने कोंबू नका, त्याचा अंगठा फार पटकन तुटतो.

वाकड्या तलवारी आणि भाले सरळ होतात, आणि ते करताना खरंच मजा येते. गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, थोडा वेळ धरा. प्लास्टिक नरम पडलं की बोटांनी सरळ करा आणि तसंच धरून थंड पाण्यात बुडवा. आकार तिथेच बसतो.

किल्ले आणि गाड्यांमध्ये सेल विसरलेले असतात. अल्कलाइन सेलमधून जो पांढरा थर बाहेर येतो, तो व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसा, मग ओल्या बोळ्याने, मग कोरड्याने. हातात मोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका. सेलला टेकणारी पत्र्याची पट्टी गंजून झडली असेल, तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तशी पट्टी किंवा स्प्रिंग शोधता येईल. स्टिकर मात्र भिजवू नका. कडेचा सुटलेला कोपरा अगदी थोड्या गोंदाने बसवा.

पिवळं पडलेलं पांढरं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की उजळतं, हे खरं. पण पिवळेपणा बऱ्याचदा परत येतो, आणि शेजारचा रंग फिका पडण्याची भीती असते. मी तो पिवळेपणा राहू देते.

ठेवताना मऊ बाहुली कडक प्लास्टिकवर टेकवू नका. तिच्यातलं ते तेलकट द्रव्य खालच्या वस्तूवर कायमचा डाग पाडतं. मधे साधा कोरा कागद घाला. हवाबंद पिशवी नको. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळोवेळी बदला.

आणि घरातल्या मुलांना खेळायला द्या, मीही देते. फक्त जे मूल अजून सगळं तोंडात घालतं, त्याच्या हाती नको. त्या काळच्या रंगात आणि मऊ प्लास्टिकमध्ये काय काय मिसळलं असेल, याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. मूल शाळेत जाऊ लागलं, की त्याच्यासमोर एकदा पाठीवरचा स्क्रू उघडून आतली रिंग दाखवा.