कुंद्याची मुळी

(दृश्य : यवतमाळ जिल्हा. सकाळचं कोवळं ऊन, ओसरीवर वेचलेल्या कापसाचा ढीग.)

आशाताईंनी झाकणाची छोटी डबी पुढे केली आहे. "मामा, नुसती थुंकी नोका देऊ. उद्या उठल्यावर चूळ भरा, खोल दम घ्या अन् छातीतला बेडका काढा." मामांचा खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला आहे. कापसाच्या धुरळ्यानं होतो, असं ते म्हणतात.

डबीत ज्याचा शोध घ्यायचा, तो क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जगासमोर मांडला.

(दृश्य : फुप्फुसाचं रेखाचित्र.)

श्वासाबरोबर तो फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशात उतरतो. तिथं राखणीला बसलेल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. एरवी गिळलेला जंतू पेशीतल्या आम्लानं आणि पाचक रसांनी संपतो. हा मात्र त्या रसांची पिशवी स्वतःपर्यंत पोहोचूच देत नाही. त्याची भिंत मेणचट, सहजी न विरघळणारी. गिळणाऱ्याच्याच पोटात तो बिऱ्हाड थाटतो आणि त्याच्याच चरबीवर, कोलेस्टेरॉलवर जगतो. घाई नाही. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास अख्खा दिवस लागतो.

मग शरीर त्याच्याभोवती पेशींचा वेढा घालतं. गाठ तयार होते. आत प्राणवायू कमी पडला की जंतू वाढ थांबवतो आणि निपचित पडून राहतो, वर्षानुवर्षं. लागण झालेल्या शंभरातले पाच ते दहा जणच आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. पण मधुमेह, एचआयव्ही किंवा अर्धपोटी राहणं वाट्याला आलं, की वेढा सैल होतो. आमच्या मते गावखेड्यात औषधाइतकंच ताटाकडे बघायला हवं. डाळ, अंडी, शेंगदाणे हा उपचाराचाच भाग आहे.

(दृश्य : दोन महिन्यांनंतर. तीच ओसरी.)

मामांचा ताप गेला, भूक परतली. "आता बरं हाये न मले, मंग गोया कायले खाऊ? लघवी बी लाल होते."

लघवीचा तो रंग रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधाचा. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वाढत्या जंतूला आयसोनियाझिड हे दुसरं औषध त्याची मेणाची भिंतच बांधू देत नाही. पण जे वाढतच नाहीत, पेंगत पडलेत, त्यांना गाठायला वेळ लागतो. साध्या क्षयाचे सहा महिने त्यासाठीच आहेत. मध्येच गोळ्या सोडल्या तर उरलेले जंतू पुन्हा उठतात, आणि औषधाला न जुमानणारे निपजू शकतात.

ताई वावराच्या धुऱ्यावरच्या कुंदा गवताकडे बोट दाखवतात. "मामा, कुंदा वरून कापला तं जाते का?"

मामा धुऱ्याकडे पाहत राहतात. या काळ्या मातीत कुंदा खणता खणता त्यांची उमर गेली आहे.

"मुळी ऱ्हायली का पुन्हा फुटते," ते म्हणतात, आणि आत बघून हाक मारतात, "पानी आन वं."