हजेरी न घेतलेली मुलं

नमस्कार श्रोतेहो. विल्यम गोल्डिंग यांची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' ही १९५४ सालची कादंबरी आपल्याकडे पुष्कळांनी परीक्षेपुरतीच वाचलेली असते. सभेत बोलायची पाळी ठरवणारा शंख म्हणजे लोकशाही, चष्मा म्हणजे विज्ञान, शिकारी मुलांचा म्होरक्या जॅक म्हणजे हुकूमशाही. एवढं पाठ केलं की निम्मे गुण पदरात! मीही मुलांना हेच सांगत आलो, खोटं कशाला बोलू? आज मात्र शंख बाजूला ठेवू आणि मास्तरासारखी हजेरी घेऊ. गोल्डिंग स्वतः सॉल्झबरीला मुलांच्या शाळेत मास्तरच होते. ही कादंबरी मराठीत आणणारे जी. ए. कुलकर्णी, तेही धारवाडला इंग्रजी शिकवायचे.

युद्धाचे दिवस. मुलांना घेऊन निघालेलं विमान कोसळतं. निर्जन बेटावर फक्त मुलगे, मोठं माणूस एकही नाही. सुरुवातीलाच एक जाडा, दम्याचा, चष्मेवाला मुलगा राल्फ नावाच्या दुसऱ्या मुलाला त्याचं नाव विचारतो आणि आपलंही कोणी विचारेल म्हणून थांबतो. राल्फ विचारत नाही. शाळेत मला 'पिगी' म्हणायचे, हे तो बिचारा विश्वासाने सांगून बसतो, वर विनवतो की दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. थोड्याच वेळात राल्फ ते भर सभेत सांगतो. सगळे पोट धरून हसतात.

नावांची यादी करावी, हे सुचतं ते या पिगीलाच. यादी काही होत नाही. मग सुटकेच्या खुणेसाठी पहिला जाळ पेटवतात, तो रानात भडकतो. चेहऱ्यावर तुतीच्या रंगाची जन्मखूण असलेला एक लहानगा त्यानंतर दिसतच नाही. पिगी विचारतो, कुठे आहे तो? कुणी बोलत नाही. रानटीपणा म्हटलं की आपल्याला डुकराची शिकार आणि रंगवलेली तोंडं आठवतात. पण या बेटावरचा पहिला बळी भाल्याने गेलेला नाही. तो मोजदादीतून निसटला.

पुढे नावं झिजतच जातात. सॅम आणि एरिक या जुळ्यांचं मिळून 'सॅमनेरिक' होतं. जॅक पुढेपुढे नुसता 'सरदार' उरतो. पर्सिव्हल नावाचा चिमुरडा आपलं नाव, पत्ता, टेलिफोन नंबर रामरक्षेसारखा घोकत असतो. भीती वाटली की तेच म्हणायचं. घरी शिकवलंय ना, हरवलास तर सांग म्हणून.

शेवटी नौदलाचा अधिकारी येतो. कुणी मेलं तर नाही ना, असं सहज विचारतो. राल्फ म्हणतो, फक्त दोन. म्हणजे सायमन नावाचा मुलगा आणि पिगी. जन्मखुणेचा पोरगा या हिशेबातही नाही. पर्सिव्हल पुढे येतो, "मी, मी..." म्हणतो, आणि पुढचं काही आठवत नाही. तुम्ही एकूण किती जण, असं अधिकारी विचारतो. राल्फ नकारार्थी मान हलवतो.

मग तो रडतो. अनेक गोष्टींसाठी रडतो, त्यात कड्यावरून कोसळलेला तो शहाणा, सच्चा मित्रही असतो. त्याला तो अजून पिगी म्हणूनच ओळखतो.