नंदाखाल: गावानं सांभाळलेलं चर्च

(दृश्य: केळीच्या वाड्या, मधून जाणारा रस्ता)

वसई तालुका. आगाशीच्या अलीकडे, वाड्यांच्या हिरव्या पट्ट्यात नंदाखाल गाव आहे. इथल्या पवित्र आत्म्याच्या चर्चची स्थापना १५७३ सालची. शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा अजून सत्तावन्न वर्षं अवकाश होता!

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं तह करून वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. सत्तेपाठोपाठ मिशनरी आले आणि खेडोपाडी चर्चं उभी राहिली. इतकं बहुतेकांना ठाऊक असतं.

पण आपण थांबू या १७३९ सालापाशी. चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला सर केला. वसईतल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांत गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला त्या आजही पाहायला मिळतात. पोर्तुगीज गेले, युरोपीय धर्मगुरू गेले, राजाश्रय संपला. ज्यांच्या आधारानं हा धर्म इथं आला, तेच उरले नाहीत. तरीही वसईच्या गावांतले ख्रिस्ती शेतकरी प्रार्थना करत राहिले, मुलांना बाप्तिस्मा देत राहिले. आमच्या मते चर्च खऱ्या अर्थानं गावाचं झालं ते इथून पुढे.

(दृश्य: रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना; लाल लुगड्यातल्या आजीबाई)

नंदाखालची ही माणसं सामवेदी, म्हणजेच कुपारी समाजाची. घरात कादोडी बोली, हाताला वाडीची माती. केळी, पानवेली, फुलं, भाजी यांवर पिढ्या जगल्या.

पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. १९६२ ते १९६५ दरम्यान भरलेल्या कॅथलिक धर्मप्रमुखांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं लोकभाषांना वाट मोकळी केली आणि वेदीवर मराठी आली. आजीला पाठ असलेल्या प्रार्थनेचा अर्थ नातवंडांबरोबर तिलाही कळू लागला. केवढी मोठी गोष्ट आहे ही!

बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांची नोंद चर्चच्या दप्तरात होते. आपल्या घराण्याची मुळं शोधणाऱ्याला ही दप्तरंच वाट दाखवतात. ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी पेन्टेकॉस्ट येतो, तोच पवित्र आत्म्याचा सण. पाऊस तोंडावर आलेला असतो आणि वाडीतली कामं खोळंबलेली.

(दृश्य: वाडीतली विहीर)

याच नंदाखालचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता' मासिकाचे ते संपादक होते. वसईची शेतजमीन आणि विहिरींचं पाणी बांधकामांच्या घशात जाऊ लागलं, तेव्हा हरित वसईच्या लढ्यात ते पुढे उभे राहिले आणि हिंदू-ख्रिस्ती शेतकरी, बायाबापड्या त्यांच्याबरोबर रस्त्यावर उतरल्या. २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. त्या पदावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू.

विरार-नालासोपाऱ्याचे टॉवर आता वाड्यांना येऊन भिडलेत. रविवारी मिस्सा सुटल्यावर आवारात घोळके जमतात, तिथं आजही चर्चा असते ती जमिनीची आणि पाण्याची.